टाकाऊपासून टिकाऊ, कीं विकतपासून दिखाऊ?

प्रत्येक काळाचीं कांहीं व्रतें असतात, आणि पुष्कळदां त्या व्रतांचें उद्यापन होण्याऐवजीं दुकान होतें. आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत हल्लीं ‘टाकाऊपासून टिकाऊ’ हें असेंच एक व्रत होऊन बसलें आहे. शाळेच्या प्रकल्पवहींत तें आहे, गणेशोत्सवांतील स्पर्धांत तें आहे, सोसायटीच्या सूचनाफलकावर तें आहे. व्रताच्या मूळ हेतूविषयीं कोणाचें दुमत असण्याचें कारण नाहीं. फेकून द्यावयाच्या वस्तूंतून उपयोगाची वस्तु करणें यांत काटकसर आहे, शहाणपण आहे, आणि हातास व बुद्धीस एकदम काम आहे. आमची तक्रार व्रताविषयीं नाहीं. तें ज्या रीतीनें पाळलें जात आहे त्या रीतीविषयीं आहे. ती रीत खोटी असून ती आमच्या मुलांस खोटेपणाच शिकवीत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें सिद्ध करण्यासाठीं आम्ही एकच उदाहरण घेतों व त्याचाच शेवटपर्यंत पाठपुरावा करतों.

१९८० च्या दशकांत पुण्या-मुंबईच्या व्हिडिओ पार्लरांत जीं माणूसभर उंचीचीं यंत्रें उभीं असत, त्यांची आमच्या पिढीच्या वाचकांस आठवण असेलच. कपाटासारखी लाकडी पेटी, तिच्या तोंडाशीं पडदा, खालीं उतरत्या फळीवर एक दांडा व चार-दोन बटनें. नाणें टाकावें कीं पडद्यावर खेळ सुरू व्हावा. या ‘आर्केड’ यंत्राची हातभर उंचीची प्रतिकृति घरींच, आणि शक्य तर टाकाऊ वस्तूंतून तयार करावयाची, असा एक छंद गेल्या कांहीं वर्षांत तरुण आई-बापांमध्यें पसरला आहे. पत्त्याच्या पानाएवढा संगणक, लहानसा पडदा, फळकुटांची पेटी, दोन कर्णे, दांडा आणि बटनें एवढ्यावर तें यंत्र उभें राहतें. छंद म्हणून तो उत्तम आहे. यांत सुताराचें काम आहे, विजेचें काम आहे, गणकाचें काम आहे, आणि शेवटीं खेळण्याचा आनंद आहे. इतक्या विद्या एका पेटींत क्वचितच एकत्र येतात.

परंतु प्रत्यक्षांत काय होतें तें पाहा. पवनेच्या कांठचें पिंपळे गुरव हें आतां कारखान्यांतील व संगणक-कंपन्यांतील नोकरदारांच्या उंच इमारतींनीं भरून गेलें आहे. तेथील एका प्रदर्शनांत आम्हीं अशीं तीन यंत्रें मांडलेलीं पाहिलीं. तिन्हींवर पाटी एकच: ‘टाकाऊपासून टिकाऊ’. जवळ जाऊन पाहतां असें दिसून आलें कीं, फळ्या कारखान्यांत कापलेल्या, त्यांच्या खांचांवर अनुक्रमांक घातलेले, पडदा कोरा, बटनें कोरीं, तारा कोऱ्या. जुनें म्हणून जें होतें तें पाठीमागच्या बाजूस चिकटविलेलें वर्तमानपत्र! एका यंत्राजवळ उभ्या असलेल्या चुणचुणीत मुलास आम्हीं विचारलें, “बाळ, हें बटन दाबलें म्हणजे आंत काय होतें?” मुलानें बापाकडे पाहिलें. बाप अत्यंत सभ्यपणें म्हणाला, “सर, सगळें किटबरोबरच आलें. माहितीपत्रकांत दिलेलें आहे.”

यांत त्या बापाचा दोष काढण्यांत अर्थ नाहीं. तो आमच्या सर्वांच्या रीतीचा प्रतिनिधि आहे. शाळेच्या जवळच्या कोणत्याहि स्टेशनरीच्या दुकानांत जावें. तेथें आइस्क्रीमच्या काड्यांचीं कोरीं पुडकीं विकावयास ठेवलेलीं असतात. त्या काड्यांना आइस्क्रीम कधीं लागलेलें नसतें. ‘टाकाऊ’ वस्तु म्हणून त्या आणावयाच्या, त्यांचें घर किंवा पेनदाणी करावयाची, गुण मिळाले कीं महिन्याभरानें ती केरांत टाकावयाची! म्हणजे जी वस्तु केर नव्हती ती विकत आणून, तिचा केर करून, वर केर वांचविल्याचें बक्षीस घ्यावयाचें. यापेक्षां सरळ दुकानांतून खेळणें आणणारा मनुष्य अधिक प्रामाणिक होय. तो निदान आपण काय करीत आहों हें जाणतो.

आमच्या मतें या प्रकरणांत दोन पक्ष चुकत आहेत. पहिला पक्ष वडीलधाऱ्यांचा. ते म्हणतात, ‘पडद्यावरचे खेळ हाच मुळीं पोरकटपणा, त्यासाठीं पेटी करण्यांत मुलाचा वेळ कशास घालवितां? त्यापेक्षां गणितें सोडवूं द्या.’ या पक्षास आम्ही इतकेंच सांगूं कीं, ज्या यंत्रास ते पोरकट म्हणतात त्याच्या जन्मकथेंत गणितें सोडविण्याहून अधिक शिकण्यासारखें आहे. १९७२ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीच्या ॲलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्यानें ‘पाँग’ या खेळाचें पहिलें यंत्र बांधलें, तेव्हां त्यानें दुकानांत मिळणारा साधा कृष्णधवल टीव्ही लाकडी पेटींत बसविला होता. कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल येथील एका मद्यगृहांत तें ठेवलें. थोड्याच दिवसांत तें बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहतां यंत्राचा दोष कांहींच नव्हता. नाण्यांचा डबा तुडुंब भरल्यामुळें तें अडलें होतें. एवढा मोठा धंदा पुढें ज्याच्यावर उभा राहिला तें पहिलें यंत्र असें हाताशीं असलेल्या वस्तूंतून जुळविलेलें होतें.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला. त्यांतील शत्रूची फौज जसजशी विरळ होते, तसतसे उरलेले शत्रु अधिक वेगानें धांवूं लागतात व खेळणाराची छाती धडधडूं लागते. हा वेग मुळांत योजलेला नव्हता. त्या वेळच्या चिपेस अनेक आकृति एकदम हलविण्याचा भार सोसवत नसे; आकृति कमी झाल्या कीं तिचा भार हलका होऊन ती भराभर काम करी. निशिकादो यांनीं हा दोष झांकण्याची खटपट केली नाहीं. त्यासच त्यांनीं खेळाचा प्राण केलें. साधनाची मर्यादा ओळखून तिचें बळ करणें, हाच ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या म्हणण्याचा खरा अर्थ आहे. किटांत मर्यादा नसते, कारण तेथें सर्व अडचणी दुसऱ्या कोणीं तरी आधींच सोडविलेल्या असतात. मुलासाठीं उरतें तें फक्त चिकटविण्याचें काम.

दुसरा पक्ष किटवाल्यांचा, आणि आमचा मुख्य वाद त्याच्याशीं आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, वस्तु कोठूनहि आलेल्या असोत, मुलाच्या हातून यंत्र तयार झालें म्हणजे झालें. हें म्हणणें वरवर पटण्यासारखें आहे; परंतु जुन्या वस्तूंतून हेंच यंत्र करूं लागतां काय काय समोर येतें तें पाहिलें म्हणजे त्यांतील पोकळपणा उघड होतो.

बटनांचाच प्रश्न घ्या. किटांत त्यांसाठीं तयार पाटी येते. ती नसेल तर संगणकाचा एक निकामी कळफलक उघडावा. कळा शंभरांवर, परंतु प्रत्येक कळेस वेगळी तार नसते. तारा आडव्या व उभ्या ओळींत जाळीसारख्या योजलेल्या असतात, आणि कोणती आडवी ओळ कोणत्या उभ्या ओळीस जुळली यावरून कोणती कळ दाबली हें आंतील लहान पाटीस कळतें. ती पाटी काढून घेऊन तिच्या योग्य जोड्यांस आपल्या बटनांच्या तारा डाख लावून जोडावयाच्या. येथें पहिली अडचण: जोडाच्या काळ्या लेपावर डाख धरत नाहीं; तो खरवडून खालचें तांबें उघडें करावें लागतें. दुसरी अडचण खेळ सुरू झाल्यावर: एकदम तीन बटनें दाबलीं कीं न दाबलेलें चौथेंहि दाबलें गेल्याचा भास यंत्रास होतो. असें कां व्हावें? कागदावर ती जाळी काढून पाहिली म्हणजे उत्तर सांपडतें. आयताचे तीन कोपरे जोडले गेले कीं चौथ्या कोपऱ्याकडे वीज आडवाटेनें पोंचते. मग वेगळ्या ओळी निवडाव्या लागतात. ज्या मुलानें हें स्वतः शोधून काढलें त्याला शाळेंतील आलेखाचे अक्ष पुन्हां शिकवावे लागणार नाहींत.

दांड्याचेंहि तसेंच. त्याच्या बुडाशीं चार दिशांस चार लहान स्विच असतात. दांडा तिरका गेला कीं दोन एकदम दाबले जातात, म्हणून चार स्विचांतून आठ दिशा मिळतात. असे टिकटिक करणारे स्विच निकामी माउसच्या पोटांत असतात. पडदा निकामी लॅपटॉपचा घ्यावा. तो पुष्कळदां शाबूत असतो, परंतु तो संगणकास सरळ जोडतां येत नाहीं. मध्यें त्याच जातीस अनुरूप अशी नियंत्रक पाटी लागते व ती विकतच घ्यावी लागते. खुशाल घ्यावी! सोंवळेंओंवळें करण्यास आम्ही सांगत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, विकत आणलेल्या भागास विकतचें म्हणावें आणि जुन्यास जुनें म्हणावें.

आतां लाकूड. पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यांत यंत्रांचे सुटे भाग ज्या पाईनच्या खोक्यांतून व पॅलेटांतून येतात त्यांचीं फळकुटें जागोजागीं विकत मिळतात. परदेशांतून आलेल्या खोक्यावर गव्हाच्या लोंबीच्या आकृतीचा एक शिक्का असतो. त्यांत ‘एचटी’ हीं अक्षरें असलीं तर लाकूड उष्णतेनें किडीपासून मुक्त केलेलें असतें. ‘एमबी’ असलीं तर तें मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूनें धुरविलेलें असतें व तें घरांत आणूं नये. केवळ एका शिक्क्यांतून मुलास भूगोल, व्यापार आणि रसायन यांची ओळख होते. किटाच्या खोक्यावर असा शिक्का नसतो. तेथें नुसती किंमत असते.

धोक्याचा आक्षेप कोणी घेईल, आणि तो आम्ही हसण्यावारीं नेणार नाहीं. जुना फुगीर पडद्याचा टीव्ही मुलांनीं उघडूं नये. बंद केल्यावरहि त्याच्या नळींत जबर धक्का देण्याइतकी वीज सांठून राहूं शकते व तिच्या कांचेंत शिसें असतें. फुगलेली मोबाइलची बॅटरी टोंचूं नये. डाख लावतांना खिडकी उघडी असावी व वडील माणूस शेजारीं असावें. परंतु धोका आहे म्हणून हात आंखडून घ्यावयाचा असेल तर स्वयंपाकघरहि बंद करावें लागेल. मुलास सुरी धरावयास आपण शिकवितों. करवत व कानस धरावयास शिकविण्याची आपणांस लाज वाटते, हें धोक्याच्या सबबीमागील खरें कारण आहे.

ही लाज आमच्या वर्गाचा जुना रोग आहे. १९३७ सालीं वर्धा येथील परिषदेंत गांधीजींनीं शिक्षण हस्तोद्योगाच्या द्वारें द्यावें असा विचार मांडला. आम्हीं त्याचें भाषणांत स्वागत केलें आणि मुलांस इंग्रजी शाळांत घातलें. बेळगांवास १८८८ सालीं सायकलच्या दुकानापासून आरंभ करून लोखंडी नांगरापर्यंत पोंचलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचें चरित्र आम्ही मुलांस वाचावयास देतों. परंतु मुलगा सायकलची साखळी काढून बसला कीं त्याचे हात काळे झाले म्हणून ओरडतों. औद्योगिक पट्ट्यांत राहणाऱ्या आमच्यांतील कित्येकांच्या घरीं पक्कड नाहीं, आणि कानस म्हणजे काय हें मुलांस ठाऊक नाहीं. सूक्ष्म मापाचे भाग तयार करणारे कुशल हात ज्या गांवाच्या रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ चालतात, त्याच गांवांतील मुलांना यंत्र ही बंद पेटींतून येणारी वस्तु वाटावी, याहून मोठा विपर्यास कोणता?

आणि या विपर्यासास उत्तरहि याच पट्ट्यांतून मिळालेलें आहे. १९७५ सालीं कानपूरच्या आय.आय.टी.मधून पदवी घेऊन अरविंद गुप्ता हे पुण्याच्या टेल्कोंत, म्हणजे हल्लींच्या टाटा मोटर्समध्यें, नोकरीस लागले. १९७८ सालीं रजा घेऊन ते मध्य प्रदेशांतील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमांत काम करण्यास गेले. तेथें त्यांनीं खेड्यांतील बाजारांत मिळणारी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या यांची सांगड घातली. नळीच्या तुकड्यांनीं तीन काड्या जोडल्या तर त्रिकोण होतो व तो हलत नाहीं. चार जोडल्या तर चौकोन होतो व तो तिरपा होऊन पडतो. पुलाची कैची त्रिकोणांची कां असते हें समजण्यास यापेक्षां स्वस्त प्रयोगशाळा नाहीं. पुढें २००३ पासून दहा-अकरा वर्षें पुण्याच्या आयुकांतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केरांतील वस्तूंचीं अशीं शेंकडों खेळणीं मुलांपुढें ठेवलीं; २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत किट नाहीं, म्हणून फसवणूक नाहीं. तीं पुन्हां मोडून पाहतां येतात, हेंच त्यांचें मोठेपण.

येथवर आम्हीं मुलांच्या शिक्षणाचा विचार केला. परंतु या प्रश्नास आणखी एक बाजू आहे, व ती अधिक बोंचणारी आहे. खरी टाकाऊ वस्तु कोठें मिळते? ती भंगारवाल्याकडे मिळते. आमच्या दारांतून गेलेला रेडिओ, पंखा, संगणक ज्या हातांनीं उघडला जातो, ज्या हातांनीं तांबें, पत्रा, प्लास्टिक निरनिराळें केलें जातें, ते हात आमच्या व्रतांत कोठेंच नाहींत. पुण्यांत १९९३ सालीं कचरा वेंचणाऱ्यांची जी संघटना झाली तिनें ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असें नांव घेतलें. ज्या वस्तु आमच्या लेखीं केर, त्यांची नांवें त्यांनीं आपल्या नांवांत मानानें मिरविलीं. आमचीं मुलें मात्र ‘पुनर्वापर’ या विषयावर निबंध लिहितात, आणि भंगारवाल्याची हांक आली कीं आई आंतून सांगते, “त्याला फाटकाबाहेरच थांबव.”

फेब्रुवारी २०२५ मध्यें पिंपरी-चिंचवड महापालिकेनें चिखलीजवळील कुदळवाडी येथील हजारों शेडें व गोदामें जमीनदोस्त केलीं. त्यांत भंगाराचीं दुकानें मोठ्या संख्येनें होतीं. तेथील बांधकामें परवानगीवांचून झालेलीं होतीं, तेथें वारंवार आगी लागत, धुराचा व नदीच्या प्रदूषणाचा त्रास आसपासच्या लोकांस होई. या तक्रारी खोट्या नव्हत्या, आणि त्या दूर करणें हें महापालिकेचें कर्तव्यच होतें. पण आमच्या वर्गानें हें वृत्त वाचून ‘बरें झालें, घाण गेली’ असा जो सुस्कारा टाकला, त्यास आमची हरकत आहे. घाण गेली म्हणजे कोठें गेली? कारखान्यांचें व घरांचें भंगार निघावयाचें थांबलेलें नाहीं. तें वेगळें करणाऱ्या माणसांस कायदेशीर जागा, आगीपासून संरक्षण आणि पाण्याची सोय देऊन तो धंदा नीट वसविणें हा खरा उपाय होय. जो समाज भंगाराचा बाजार दृष्टीआड झाल्याचा आनंद मानतो व त्याच आठवड्यांत मुलाच्या प्रकल्पावर ‘टाकाऊपासून टिकाऊ’ अशी पाटी लावतो, त्याला टाकाऊ वस्तूंविषयीं बोलण्याचा कोणता अधिकार आहे?

ज्या गांवाच्या नांवांत गुरव आहे तेथील वाचकांस तरी हें निराळें सांगावयास नको. आमच्या गांवगाड्यांत देवाची पूजा करणारा गुरवच पत्रावळी लावीत असे. पान झाडाचें, जेवण गांवाचें, आणि उष्टी पत्रावळ पुन्हां मातीची. त्या व्यवस्थेंत अन्याय पुष्कळ होता, आणि ती परत यावी असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु वस्तु कोणीं केली व ती शेवटीं कोठें गेली, हें त्या गांवांत लहान पोरासहि ठाऊक असे. आमच्या मुलास यांपैकीं एकहि टोंक दिसत नाहीं. त्याला दिसतें तें फक्त पार्सल आणणारा मुलगा आणि केराची गाडी.

‘हें सर्व शाळांनीं करावें’ असें म्हणून जबाबदारी टाळणारेहि आहेत. शासनानें या दिशेनें पाऊल टाकलें आहे हें कबूल केलें पाहिजे. २०१६ सालीं सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेंत निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतें, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पांत पुढील पांच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार प्रयोगशाळा काढण्याचा संकल्प सांगितला गेला. हेतु स्तुत्य आहे. परंतु मोडेल म्हणून उपकरणास हात लावूं न देणें ही आमची जुनी संवय तेथेंहि शिरली, तर २० लाखांचें सामान कुलुपांत राहील आणि मुलें तें कांचेतून पाहतील. मोडलेलें यंत्र या भीतीपासून मोकळें असतें. तें आधींच मोडलेलें आहे. मुलाच्या हातून त्याचें आणखी काय बिघडणार?

खेळाविषयींहि एक शब्द. बाजारांत मिळणाऱ्या अशा पुष्कळ यंत्रांत हजारों जुने खेळ भरून दिलेले असतात, आणि त्यांच्या मालकांची संमति बहुधा घेतलेली नसते. ज्या घरांत चोरीचें पुस्तक आणल्यास बाप रागावेल, त्याच घरांत चोरीचे हजार खेळ कौतुकानें येतात. त्यापेक्षां मुलानें स्वतःचा एकच खेळ लिहावा. सापशिडी आहे, वाघ-बकरी आहे, सोंगट्या आहेत. पट आपला, नियम ठाऊक असलेले. वाघानें कोणत्या घरांत उडी मारावी हें यंत्रास समजावून सांगतां सांगतां मुलास आपण स्वतः विचार कसा करतों हें समजतें. तो खेळ ओबडधोबड होईल, होऊं द्यावा.

शेवटीं आमचें मागणें काय, हें थोडक्यांत सांगतों. ज्या शाळा व सोसायट्या अशीं प्रदर्शनें भरवितात त्यांनीं प्रत्येक वस्तूजवळ एक कागद मागावा: यांतील कोणता भाग जुना, तो कोठून आला, कोणता विकत आणला आणि त्यास किती पैसे पडले. परीक्षकांनीं यंत्र किती चकचकीत आहे हें न पाहतां मुलास तें उघडावयास सांगावें आणि आंतील एका तारेचें काम विचारावें. आई-बापांनीं घरांतील पहिली निकामी वस्तु मुलाच्या हातीं पेचकसासह द्यावी आणि एक रविवार तिच्यावर खर्ची पडूं द्यावा. आणि भंगाराच्या दुकानांत मुलाबरोबर स्वतः जावें. तेथील माणसास ‘दादा’ म्हणून हांक मारावी, माल पारखण्याची त्याची विद्या त्याच्याकडून शिकावी, व त्याच्या मालास मागेल तो वाजवी भाव द्यावा.

एवढें ज्यांना करावयाचें नसेल त्यांनीं खुशाल किट आणावें; त्यास आमचा विरोध नाहीं. विकत आणलेलें खेळणें हें कांहीं पाप नव्हे. मात्र त्यांनीं ती पाटी काढून ठेवावी.